हौशी कॅमेरा आणि रोजचा दिवस

छायाचित्रांविषयीं बोलावयाचें आणि तें अशा जागेवरून, कीं जेथून एकहि चित्र आपणांस दाखवितां येणार नाहीं, हा प्रसंग थोडा गमतीचा आहे. पण विचार केला असतां मला तो सोयीचाहि वाटतो. प्रदर्शनांत मांडलेलीं, पारितोषिकें मिळविलेलीं छायाचित्रें आणि तीं काढणारे कसबी कलावंत यांचा विषय मी त्यांतील जाणकारांकडे सोपवितों. माझा विषय आहे तो साधा हौशी माणूस. घरांत एखादा जुना कॅमेरा, किंवा आतां बहुतेकांच्या खिशांत असतो तसा कॅमेऱ्याचा मोबाइल फोन बाळगणारा. या माणसाला त्या यंत्रापासून कोणतें सुख मिळूं शकतें, तें बहुधा त्याला कां मिळत नाहीं, आणि मिळवावयाचें तर काय करावें, एवढ्या तीनच गोष्टी आज मी सांगणार आहें.

आपल्याकडे छायाचित्राचें आणि समारंभाचें नातें फार जुनें आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं सबंध कुटुंब ठेवणींतले कपडे व दागिने घालून फोटोवाल्याच्या दुकानीं जात असे. तेथें महालाचें किंवा बागेचें चित्र रंगविलेला पडदा टांगलेला असे. बाजूला उंच तिवईवर फुलदाणी. मध्यें खुर्चीवर घरांतील वडील माणूस, आणि पाठीमागें बाकीचीं उभीं. फोटोवाला काळ्या कापडाखालीं डोकें घालून सर्वांस हलूं नका म्हणून बजावी. कांचेवरील लेपाला प्रकाश पुष्कळ लागे, तेवढा वेळ श्वास रोखून बसणें भाग पडे, आणि म्हणून त्या चित्रांतील प्रेमळ माणसेंहि किंचित् रागावल्यासारखीं दिसतात. पुढें कॅमेरा घरांत आला तरी ही संवय गेली नाहीं. मुंज, लग्न, डोहाळजेवण, बारसें, पदवीदान अशा दिवशींच तो कपाटांतून बाहेर निघे. आज मोबाइल फोन दिवसभर हातांत असतो. पण वाढदिवसाचा केक आणि सहलीचें ठिकाण या दोन प्रसंगांची त्या यादींत भर पडली, यापलीकडे पुष्कळ घरांत फारसा फरक झालेला नाहीं. आणि भिंतीवर फोटो लागणें याचा जो दुसरा अर्थ आहे, तो तर आपणां सर्वांस ठाऊक आहे.

आतां थोडा हिशेब करून पाहूं. साठ वर्षें जगलेल्या माणसाच्या वांट्याला सुमारें २१,९०० दिवस येतात. त्यांतले समारंभाचे म्हणून वेगळे काढले तर ते फार तर दोनशें भरतील. उरलेल्या २१,७०० दिवसांत त्या माणसानें बशींत ओतून चहा घेतला, चष्मा कपाळावर सारून वर्तमानपत्र वाचलें, दाराला कुलूप लावून तें दोनदां ओढून पाहिलें, आणि तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लागतांना हातांतलें काम क्षणभर बाजूला ठेविलें. त्याचें आयुष्य खरोखरी या दिवसांत गेलें. त्या दिवसांचें चित्र मात्र कोणी काढलेलें नसतें, कारण त्यांत काढण्यासारखें कांहीं आहे असें कोणाला वाटलेलेंच नसतें. हौशी छायाचित्रणाचें सुख मला या ठिकाणीं दिसतें. नित्याच्या गोष्टी पाहण्याजोग्या आहेत हें आपल्या डोळ्यांना पटवून देण्याचें काम कॅमेरा फार चांगलें करूं शकतो. आणि एकदां डोळ्यांना तें पटलें, कीं ज्या घरांत आपण वीस वर्षें वावरलों तें घर नव्यानें दिसूं लागतें.

कोणी म्हणेल कीं, एवढें मोठें यंत्र निघालें तें काय कुलूप आणि कपबशी टिपण्यासाठीं? त्याला इतिहासाचें उत्तर आहे. छायाचित्रणाचा जन्मच मुळीं नित्याच्या वस्तूंच्या सहवासांत झाला. विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट हा इंग्रज गृहस्थ १८३३ सालीं इटलींत कोमो सरोवराच्या कांठीं देखावा रेखाटण्याचा यत्न करीत होता. हातांत चित्रकाराला साह्य करणारें लोलकाचें एक उपकरण होतें, तरी चित्र कांहीं साधेना. आपल्याला चित्र काढतां येत नाहीं तर प्रकाशानेंच तें कागदावर उमटवावें, अशी कल्पना त्या निराशेंतून त्याला सुचली. पुढें त्यानें लहान लहान लांकडी पेट्या करविल्या, चांदीच्या क्षारांचा लेप दिलेले कागद त्यांत बसविले, आणि लॅकॉक येथील आपल्या वाड्याभोंवतीं त्या पेट्या तो मांडून ठेवूं लागला. त्याच्या पत्नीनें, कॉन्स्टन्सनें, त्यांना उंदरांचे सापळे असें थट्टेचें नांव दिलें होतें. १८३५ च्या ऑगस्टांत अशा एका सापळ्यांत घरांतलीच एक जाळीदार खिडकी सांपडली. टपालाच्या तिकिटाएवढें तें उलट्या छायेचें चित्र आजहि शिल्लक आहे, आणि आज उपलब्ध असलेल्या निगेटिव्हांमध्यें तें सर्वांत जुनें मानलें जातें.

१८४४ पासून याच टॉलबटनें 'दि पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ भागाभागानें प्रसिद्ध केला. ऑक्सफर्ड आणि पॅरिस येथील इमारती त्यांत आहेत. पण त्यांच्याच शेजारीं फळीवर मांडलेलीं चिनी मातीचीं भांडीं आहेत, पुस्तकांच्या रांगा आहेत, गवताची गंजी व तिला टेकविलेली शिडी आहे, आणि एक उघडें दार आहे, ज्याच्या चौकटीशीं एक खराटा टेकून ठेविलेला आहे. खराटा हा चित्राचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका वाचकांना येईल हें टॉलबट जाणून होता. म्हणून डच चित्रकारांनीं नित्य परिचयाचे प्रसंग चित्रासाठीं निवडले, तेवढा आधार आपल्याला पुरे आहे, असें त्यानें त्या ग्रंथांतच सांगून टाकलें आहे.

त्याच सुमारास, १८३८ मध्यें, पॅरिस येथें लुई दागेर यानें एका उंच खिडकींतून बुलव्हार द्यु ताँपल या रहदारीच्या रस्त्याचें चित्र घेतलें. धातूच्या पत्र्यावर चित्र उमटण्यास तेव्हां कित्येक मिनिटें लागत. त्यामुळें रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या, घोडे आणि माणसें यांतलें जें जें हलत होतें तें तें पुसलें गेलें, आणि भर वस्तींतील तो रस्ता ओसाड दिसतो. एका कोपऱ्यांत मात्र एक माणूस उरला आहे. बुटाला पॉलिश करून घेण्यासाठीं एक पाय वर ठेवून तो स्वस्थ उभा होता. त्याच्या पायाशीं पॉलिश करणाराहि अस्पष्ट दिसतो. मनुष्याकृति असलेल्या अगदीं आरंभींच्या छायाचित्रांत या चित्राची गणना होते. म्हणजे छायाचित्रांत आधीं शिरला तो राजा नव्हे कीं सेनापति नव्हे. एक अनामिक पादचारी आणि त्याचे बूट पुसणारा एक कष्टकरी. हौशी माणसानें या दोघांना आपलें कुलदैवत मानण्यास हरकत नाहीं.

पॅरिसमध्यें १८३९ सालीं या शोधाची जाहीर घोषणा झाली, आणि पंधराच वर्षांत, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे मुंबईंतील अगदीं पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकीं होत. १८५६ ते १८५८ या काळांत 'इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नांवाची चित्रमालिकाहि मुंबईंतून निघत असे. हिच्या नांवांतच हौशी माणूस आहे. परंतु त्या काळचा हौशी म्हणजे पैसा, फुरसत आणि रसायनांचें ज्ञान या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशीं आहेत असा मनुष्य. कांचेवर लेप द्यावयाचा, ती ओली असेपर्यंतच चित्र घ्यावयाचें, आणि ती सुकण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत तिच्यावरील सर्व संस्कार उरकावयाचे, असा तो खटाटोप होता. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रें मावतील एवढें फिल्मचें भेंडोळें आंत भरलेला कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला. चित्रें संपलीं कीं सबंध कॅमेरा कारखान्याकडे धाडून द्यावयाचा, पुढचें काम कारखाना करी. १९०० सालीं त्याच कारखान्यानें ब्राउनी नांवाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकावयास आरंभ केला. तेव्हांपासून कॅमेरा सामान्य घरांत शिरला, तो आजच्या मोबाइल फोनपर्यंत.

या हौशी मंडळींपैकीं दोघांची आठवण मला मुद्दाम करून द्यावयाची आहे. पहिला फ्रान्समधील झाक आंरी लार्तिग. याचा जन्म १८९४ चा. आवडलेलें दृश्य डोळे मिटून पकडून ठेवतां येईल असें लहानपणीं त्याला वाटत असे, आणि डोळे उघडल्यावर तें हातून निसटलेलें पाहून तो खट्टू होई. १९०२ सालीं वडिलांनीं त्याच्या हातांत कॅमेरा दिला. तेव्हांपासून हा मुलगा घर टिपूं लागला: आपल्या खोलींतल्या खेळण्यांतल्या मोटारी, धाडसी उद्योगांत गढलेला थोरला भाऊ, १९०५ सालीं घराच्या पायऱ्यांवरून हवेंत झेप घेणारी आत्तेमामेबहिणींपैकीं एक. पुढें तो व्यवसायानें चित्रकार झाला. छायाचित्रें काढून तो वह्यांत चिकटवीत राहिला. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत तीं १९६३ सालीं मांडलीं गेलीं आणि जगानें वाहवा केली, तेव्हां तो एकुणसत्तर वर्षांचा होता. साठ वर्षें या माणसानें जो आनंद उपभोगला त्याला प्रेक्षकांची गरज पडली नव्हती, ही गोष्ट मला त्या वाहवेपेक्षां मोलाची वाटते.

दुसरे आपल्या देशांतले, उमरावसिंग शेरगिल. १८७० सालीं जन्मलेले हे पंजाबी सरदारघराण्यांतील गृहस्थ संस्कृत आणि फारसी यांचे अभ्यासक होते. प्रख्यात चित्रकर्त्री अमृता शेरगिल ही त्यांची कन्या. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस, जेथें जेथें बिऱ्हाड झालें तेथें तेथें त्यांनीं हौसेनें घरच्या माणसांचीं छायाचित्रें काढलीं: पत्नीचीं, अमृता व इंदिरा या दोघी मुलींचीं, आणि स्वतःचींहि. १९४१ च्या डिसेंबरांत, लाहोर येथें, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं अमृता वारली. वडील पुढें १९५४ पर्यंत जगले. अमृतेनें रंगविलेलीं चित्रें आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत कोणालाहि पाहतां येतात. परंतु ती लहान असतांना कशी बसे, बहिणीशेजारीं कशी उभी राही, तिच्या मुद्रेवर वर्षावर्षांनीं काय पालट होत गेला, हें तिच्या स्वतःच्या चित्रांत कोठून असणार? तें वडिलांच्या छायाचित्रांत आहे. त्यांच्या नातवानें, विवान सुंदरम् यांनीं, पुढें २००१ च्या सुमारास त्याच छायाचित्रांतून नवी कलाकृति रचली. एका बापाच्या हौसेनें इतकें पुढचें काम केलें.

थोरामोठ्यांचीं उदाहरणें सोडून आतां साध्या घरांत येऊं. माझ्या परिचयाचें एक कुटुंब पुण्यांत आहे. तेथील आई वारल्यावर भिंतीवर लावण्यासाठीं मुलांनीं तिचें छायाचित्र शोधण्यास आरंभ केला. घरांत चित्रांच्या पांच वह्या होत्या. मुंजीच्या चित्रांत आई होती, पण पंक्तीच्या कडेला, वाढतांना, अर्धवट पाठमोरी. लग्नांतल्या चित्रांत ती जाव्यांच्या मागें उभी होती. सहलींच्या चित्रांत ती नव्हतीच, कारण मागें घर सांभाळावयास कोणीतरी लागे. पासपोर्टसाठीं काढलेला एक चेहरा मिळाला, पण थोरली मुलगी म्हणाली, "अहो, ही आमची आई नव्हेच, आई अशी कधीं दिसतच नसे." शेवटीं एका पाकिटांत एक चित्र सांपडलें. घरांत बॉक्स कॅमेरा नवा आला तेव्हां बारा वर्षांच्या भाच्यानें तो चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं काढलेलें. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीं आई मांडी घालून तांदूळ निवडते आहे. सुपावर बाजूनें ऊन पडलेलें आहे, हात हलल्यामुळें पुसट झालेला आहे, आणि मान त्या विशिष्ट बाजूला कललेली आहे, जी घरांतल्या प्रत्येकाला ओळखूं आली. तें चित्र आज त्यांच्या भिंतीवर आहे.

ही गोष्ट मी कोणाच्या मनाला चुटपुट लागावी म्हणून सांगितली नाहीं. ज्यांच्या घरीं आईवडील आहेत, लहान मुलें आहेत, किंवा सहचरीचा अथवा सहचराचा रोजचा सहवास आहे, त्यांच्या हातीं अजून वेळ आहे, एवढेंच मला सुचवावयाचें आहे. माणूस गेल्यावर आपल्याला आठवते ती त्याची लकब; आणि लकब ही नटूनथटून खुर्चीवर बसलें कीं आधीं पळ काढते.

आतां दुसरा प्रश्न. कॅमेरा तर घरोघर आहे. मग हें सुख घरोघर कां नाहीं? पहिलें कारण मला विपुलतेंत दिसतें. फिल्मच्या काळीं साध्या बॉक्स कॅमेऱ्याच्या एका रोलांत बारा चित्रें बसत, लहान फिल्मच्या रोलांत छत्तीस. प्रत्येक चित्राला पैसा पडे. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं माणूस पाही, सरके, थांबे, पुन्हा पाही. आतां कळ दाबण्यास कांहीं पडत नाहीं; त्यामुळें आधीं दाबावें आणि पाहावयाचें तें नंतर, असा क्रम झाला, आणि तें नंतर बहुधा कधींच येत नाहीं. एकाच फुलाचीं चाळीस चित्रें फोनमध्यें असतात, आणि त्याला पाकळ्या किती होत्या हें सांगतां येत नाहीं.

दुसरें कारण, चित्र काढतांना आपलें लक्ष पाहण्याच्या वस्तूवर नसून पाहणाऱ्या लोकांवर असतें. हें मित्रांना धाडूं, त्याला ते काय म्हणतील, हा विचार कळ दाबण्यापूर्वींच मनांत शिरतो. तो शिरला कीं माणूस पुन्हा रंगविलेल्या पडद्यापुढें येऊन उभा राहिला म्हणून समजावें. पडदा तेवढा बदलला.

येथें कोणी विचारील कीं, क्षण भोगावयाचा कीं टिपावयाचा? कॅमेरा डोळ्यांस लावला कीं समोरचा आनंद अर्धा होतो, असा अनेकांचा अनुभव आहे. या शंकेचा शोध मानसशास्त्रज्ञांनीं अलीकडे घेतलेला आहे. अमेरिकेंतील लिंडा हेंकेल यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एका संग्रहालयांतून फिरविलें. ज्या वस्तूंचीं छायाचित्रें त्यांनीं घेतलीं त्या वस्तु त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षां कमी आठवल्या. लक्षांत ठेवण्याचें काम यंत्रावर सोंपवून मन मोकळें झालें, असा याचा अर्थ. परंतु ज्यांनीं वस्तूच्या एखाद्या भागाजवळ भिंग नेऊन तेवढाच भाग टिपला, त्यांची स्मृति अशी उणावली नाहीं. २०१६ सालीं क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अ‍ॅलिक्झांड्रा बॅराश यांनीं प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, छायाचित्रें काढणारीं माणसें प्रसंगांत अधिक रमतात आणि त्यांना त्याचा आनंदहि अधिक होतो. मात्र यंत्राच्या खटपटीनें प्रसंगांतच व्यत्यय आला तर हा लाभ मिळत नाहीं. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर माझ्या मतें निर्णय सरळ आहे. कॅमेरा जर डोळ्यांचा चाकर असेल तर तो सुख वाढवितो, आणि डोळ्यांच्या ऐवजीं कामाला लावला तर तो सुख घालवितो.

तेव्हां तिसरी गोष्ट, म्हणजे करावयाचें काय. माझ्याजवळ थोडे साधे नियम आहेत.

पहिला नियम प्रकाशाचा. आपल्या घरांतील एक खिडकी निवडावी आणि आठ दिवस तिच्यावर नजर ठेवावी. सकाळीं ऊन कोठवर येतें, कोणत्या भांड्याला तें आधीं शिवतें, दुपारीं तें कोठें जातें, हें नुसतें पाहावें. आपला डोळा फार चतुर आहे; बाहेरच्या उन्हापेक्षां घरांतला उजेड शेंकडों पटींनीं कमी असला तरी तो आपल्याला तसें भासूं देत नाहीं. कॅमेऱ्याला मात्र तो फरक लपवितां येत नाहीं, आणि म्हणून प्रकाश पाहावयास आपण त्याच्याकडून शिकतों. माणसाला खिडकीच्या समोर न बसवितां तिच्या बाजूला बसूं द्यावें. म्हणजे चेहऱ्याच्या एका अंगाला उजेड व दुसऱ्या अंगाला छाया राहून त्याला गोलाई येते. आपल्याकडचें भर दुपारचें ऊन चेहऱ्याला कधींच मानवत नाहीं. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सांवलीहि तिच्या बुडाशीं नाहींशी होते. तशा उन्हांत डोळ्यांच्या खांचा काळ्या पडतात. उलट श्रावणांतला ढगाळ दिवस, जो आपल्याला उदास वाटतो, तो छायाचित्रकाराला मोठा वरदानासारखा आहे. सबंध आकाशच तेव्हां एक मोठी खिडकी होतें. घरांत दोरीवर वाळत घातलेले कपडे, गॅलरींतून पावसाकडे पाहणारें मूल, छत्र्यांच्या टोंकांवरून फरशीवर साचलेलें पाणी, हें सर्व त्या मऊ उजेडांत पाहून घ्यावें.

दुसरा नियम थांबण्याचा. हंसा, इकडे पाहा, असें कोणाला म्हणूं नये. आजोबा दाढी करीत असतील, मुलगा जिभेचें टोंक बाहेर काढून पाटीवर किंवा वहींत अक्षर गिरवीत असेल, गृहिणी भाताच्या पातेल्यावरचें झांकण उचलून वाफेकडे पाहात असेल, तर तें काम आपल्या गतीनें चालूं द्यावें आणि आपण भिंतीला टेकून उभें राहावें. पहिलीं पांच मिनिटें ते आपल्याकडे पाहतात, नंतर विसरतात. ते विसरले म्हणजे आपलें पाहणें सुरू होतें.

तिसरा नियम बाराचा. आठवड्याला बारा चित्रें, त्याहून अधिक नाहींत, असें स्वतःवर बंधन घालून घ्यावें. फोनमध्यें जागा हजारांची असली तरी मनांत जागा बाराचीच ठेवावी. आठवड्याच्या अखेरीस त्यांतलें एक ठेवावें. वर्षाचीं बावन्न चित्रें होतात. एक वही भरते. तीं कागदावर छापून घ्यावीं आणि प्रत्येकाच्या पाठीमागें शिसपेनीनें नांव, दिवस आणि जागा लिहावी. जुन्या पेट्यांतून निघालेल्या चित्रांतील किती माणसें केवळ पाठीमागें नांव न लिहिल्यामुळें अनोळखी होऊन गेलीं आहेत, हें ज्यांनीं अशा पेट्या उघडल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

शेवटचा नियम सभ्यतेचा, आणि तो मी सर्वांत महत्त्वाचा समजतों. दुसऱ्याचा नित्याचा क्षण हा त्याचा असतो. रस्त्यावर झोपलेला मजूर, रुग्णशय्येवरचा आप्त, भांडीं घासणारी बाई, यांचें चित्र आपल्याला सुंदर दिसतें म्हणून तें घेण्याचा अधिकार आपल्याला आपोआप प्राप्त होत नाहीं. विचारावें, आणि नको म्हटलें तर कॅमेरा खालीं घ्यावा. चित्र घेतलें तर त्याची एक प्रत त्या माणसाच्या हातीं नेऊन द्यावी. मुलांच्या बाबतींत तर विशेष जपावें. आंघोळीच्या वेळचें किंवा रडतांनाचें चित्र आईबापांना कौतुकाचें वाटतें. पण तें आज जगभर धाडून दिलें तर तें मूल मोठें झाल्यावर परत बोलावतां येत नाहीं. घरचें चित्र घरांत शोभतें. आणि कांहीं क्षण असे असतात कीं तेथें कॅमेऱ्याचें कामच नसतें. मूल प्रथमच पाऊल टाकून आपल्याकडे येत असेल, तर दोन्ही हात मोकळे असलेले बरे.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली आहे. हे नियम पाळून कोणी मोठा छायाचित्रकार होईल असें आश्वासन मी देऊं शकत नाहीं. एवढें मात्र सांगतों कीं, महिनाभर असें केलें म्हणजे कॅमेरा जवळ नसतांनाहि डोळा थांबावयास लागतो. गाडीची वाट पाहतांना फलाटावर पडलेल्या जाळीच्या सांवल्या दिसतात; कचेरींत समोरच्या माणसाच्या हातांची ठेवण दिसते; घरीं आल्यावर दार उघडणाऱ्या माणसाचा चेहरा, जो रोज उघडतो म्हणून आपण पाहात नव्हतों, तो दिसतो. उद्यां सकाळीं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकींतून ऊन किती वाजतां आंत येतें, एवढें पाहून ठेवा. चित्र काढण्याची घाई नाहीं. तें परवां काढलें तरी चालेल.